मुखावरची गाठ

“पाणी आपसूक खंय जाणा नाय, तेका कोणतरी व्हरता.”

हे यशोदा गावडे आपल्या मुलाला फोनवर म्हणाली होती. सर्वेश गोव्यात एका हॉटेलात कामाला. त्याने आईची समजूत घालायला एवढंच म्हटलं होतं की फाल्गुन लागला, झर बारीक झाली असेल. त्यावर तिने हे वाक्य टाकलं, पाणी जात नाही, नेलं जातं, आणि फोन ठेवला. समजूत घालणाऱ्या माणसावर तिचा आधीपासूनच विश्वास नव्हता. जो समजूत घालतो त्याला काहीतरी झाकायचं असतं, असा तिचा अनुभव. आणि पोटचा झाला म्हणून मुलगा काही वेगळ्या मातीचा नव्हता.

धामापूरच्या रस्त्यावरून आत उतरलं की डोंगराच्या पोटाशी तिची वाडी लागते. घरं बरीच, पण बहुतेकांना कुलपं. गणपतीला येऊन कुलपात तेल घालून परत जाणारी माणसं. डोंगराच्या बाजूला बारमाही धूर निघतो तो दोनच घरांतून, एक गावड्यांचं आणि त्याच्या खालच्या अंगाला पिंटोंचं. मध्ये गडग्याची भिंत, कंबरेएवढी. त्या भिंतीवरून आजवर फणसाचे गरे गेले, नाताळच्या नेवऱ्या आल्या, आणि ताप आला की गोळ्यांची पाकिटं इकडून तिकडे झाली. यशोदेचा नवरा शिवा वारला तेव्हा पिएदाद पिंटो आपलं अंथरूण घेऊन भिंत ओलांडून आली आणि यशोदा पुन्हा चूल पेटवू लागेपर्यंत परत गेली नाही. त्या काळात ती रोज संध्याकाळी दाराशी बसून रोझरी म्हणायची आणि यशोदा आत पडून ऐकायची. पिएदादशिवाय तिला हाक मारण्यासारखं दुसरं दार वाडीत नव्हतं. हे यशोदेला कळत होतं. म्हणूनच, सगळ्यात जास्त नजर ती त्याच दारावर ठेवून असे.

यशोदा तळेऱ्याकडची. माहेरची जमीन पाटाच्या शेवटाला. वर चुलत्याची शेती; तो आपल्या बांधाला एक ढेकूळ इकडचं तिकडे करी आणि खालचं पाणी अर्धं होई. विचारायला गेलं की तो कानांवर हात ठेवी, उंदरांनी बीळ केलं असेल म्हणे. मग बाप तिला पाटाच्या काठाला बसवी. पाणी कमी झालं की आधी त्याचा आवाज बदलतो, हे ती तिथे शिकली. आणि चोरी करणारा माणूस हसून बोलतो, हेही.

सासरी आली ती ही शिदोरी घेऊन. मिठाच्या बरणीत मीठ सपाट करून त्यावर अंगठा उमटवून ठेवायचा. उतरवलेल्या नारळांना कोळशाची रेघ. तांदळाचं पोतं, सुपारीची गोण, गोठ्याचं फाटक, जे जे बंद करायचं त्याला तिची अशी एक गाठ; डाव्या हाताने दोनदा फिरवून शेपूट आत खोवलेली. दुसऱ्या कोणी सोडली तर पुन्हा तशी बांधता यायची नाही. मासे विकायला येणारी तुळसा म्हणायची, “यशोदाबाय, माझ्या टोपलेक पण एक गाठ मारून दी गो, मांजरां लय झाली हत.” पिएदादचा नवरा ह्युबर्ट तर तिला तोंडावर सीआयडी म्हणे. तो आयुष्यभर बोटीवर इंजिनात काम करून आलेला, मोठ्याने हसणारा माणूस. यशोदा त्याच्या हसण्याकडे लक्ष ठेवून असे.

पाण्याची गोष्ट अशी. डोंगरात वर एक झर आहे. पूर्वी तिच्यापासून चिऱ्यात खोदलेला पाट खाली येई; सकाळची पाळी गावड्यांची, संध्याकाळची पिंटोंची. पाट उघडा. कोणाच्या मळ्यात किती पाणी वळलं ते ये-जा करणाऱ्यालाही दिसायचं. मग शिवा आणि ह्युबर्ट दोघांनी मिळून झरीपाशी सिमेंटची कुंडी बांधली आणि तिथून काळा पाईप खाली आणला. पाईपाला फाटे फोडले, स्प्रिंकलर लावले. पंप नाही, वीज नाही; डोंगराच्या उतारानेच पाण्याला जोर. भात काढल्यावर त्याच कोपऱ्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, भुईमूग, चवळी, खाली पिंटोंची मिरची. दोघांचे फवारे एकाच वेळी फिरू लागले आणि पाळी संपली.

शिवाला त्याचं फार कौतुक. यशोदेला मात्र पहिल्या दिवसापासून चुकल्यासारखं वाटत राहिलं. पाटातलं पाणी दिसत होतं. पाईपातलं दिसत नाही. तो काळा पाईप उन्हात पडलेला असतो, पोट भरलेल्या जनावरासारखा, आणि त्याच्या आत काय चाललंय ते कोणी सांगू शकत नाही.

शिवा होता तोवर हे सगळं मनात राहिलं. तो गेल्यावर दोनेक वर्षांनी ह्युबर्टने आणखी एक कोपरा मिरचीखाली आणला, आणि यशोदेच्या मनात पाल चुकचुकली. मिरची वाढली म्हणजे पाणी वाढलं. वाढलं ते आलं कुठून? तिने कुडाळहून पत्र्याचं झाकण आणि कुलूप आणलं आणि कुंडीला बसवलं. ह्युबर्टला तसं सांगून. तो हसला, म्हणाला, घाल बाये, कुंडी काय पळान जातली? तो हसला म्हणून तिने आणखी एक गोष्ट केली, जी कोणाला सांगितली नाही. कुंडीच्या तळाशी पाईपाचं तोंड आहे. त्याला इथे मुख म्हणतात. त्या मुखावर तिने जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बसवला आणि आपल्या गाठीने बांधला. कुलपाची चावी कोणीही करून घेईल. गाठ करून घेता येत नाही. मुखात कोणी दुसरी नळी घातलीच, तर गाठ सांगेल.

नंतर महिनाभरात तिचे फवारे मंदावले.

आधी आवाज गेला. स्प्रिंकलरच्या डोक्यावर एक लहानशी हातोडी असते. पाण्याची धार तिला मारते, ती उलटून धारेला मारते, आणि त्या टकटकीने डोकं सरकत सरकत गोल फिरतं. तिची टकटक आधी संथ झाली, मग अडखळू लागली, मग एका सकाळी थांबली. धार फुटून तिचे तुषार व्हायचे, ते होईनात. जाड, आळशी दोरीसारखी धार एकाच जागी पडू लागली. तिथे चिखल, आणि भोवतीचा भुईमूग दुपारी पानं मिटून घेऊ लागला.

आणि खाली, गडग्यापलीकडे, पिंटोंचे फवारे वाजत होते. पहिल्यासारखे नाही, पण वाजत होते. एकच पाईप, एकच पाणी.

यशोदा पाईपाच्या कडेकडेने डोंगर चढली, पण कुंडीच्या अलीकडेच थांबली; तिथे तिचंच कुलूप होतं. जागोजागी वाकून त्याला कान लावला. पालापाचोळा उकरून बघितला. तिला ना जोड सापडला, ना भोक. काही सापडलं नाही, तेव्हा तिची खात्री पटली. साधा चोर खूण ठेवतो. बोटीच्या इंजिनात आयुष्य घालवलेला माणूस कशाला ठेवेल?

वाडीच्या त्या टोकाला, देवळाजवळ, लवू घाडी राहतो. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्या घराण्याचं. यशोदा नारळ घेऊन त्याच्याकडे गेली. दोघं हद्दीवरच्या देवचाराच्या घुमटीपाशी उभी राहिली. देवचार म्हणजे वाडीचा राखणदार, आडवा येणाऱ्याला शासन करणारा. त्याला पिंटोंच्या घरातूनही वर्षातून एकदा मेणबत्ती जाते, ह्युबर्ट नको म्हणत असला तरी. लवूने विचारलं, नाव घ्यायचं का? यशोदा म्हणाली, नाव नको. लवूने नारळ हातात घेतला.

“बा देवचारा, हद्दीच्या राखणदारा, ह्या लेकराच्या पाण्याच्या आड जो कोण इलो आसात, तो वाडीतलो असांदे, वाडीभायलो असांदे, तेका तुझी वाट दाखय आणि पाणी मोकळा कर.”

“व्हय म्हाराजा,” यशोदा म्हणाली. हो म्हणायला दुसरं कोणी नव्हतंच.

नाव घेतलं नाही याचा फायदा काहीच झाला नाही. तुळसाची टोपली त्या दिवशी लवूच्या घरावरूनच पुढे आली होती. त्यानंतर पिएदाद भिंतीपाशी दिसेनाशी झाली. दिसली तर हातातलं काम घेऊन आत जाई. यशोदेने याचा अर्थ लावला, आणि तो तिला हवा तसाच लागला. मनात काही नसतं तर तोंड कशाला चुकवलं असतं?

भुईमूग मात्र गाऱ्हाण्याची वाट बघायला तयार नव्हता. सर्वेशने गोव्यातून फोन करून कुडाळच्या एका दुकानातल्या माणसाला पाठवलं. गुरुप्रसाद त्याचं नाव. तरुण, बोलका, पायात बूट घालून शेतात उतरणारा. यशोदेने त्याच्या बुटांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. पिशवीत नवे नोझल होते. म्हणजे विकायला आलाय.

त्याने तिला समजावून सांगितलं. पाण्याला जोर नसला की चार फवारे एकदम चालवू नका, दोन चालवा. दोन फवाऱ्यांना पुरेल तेवढा जोर मिळेल, मग उरलेले दोन. नोझलचं भोक लहान घ्या. आणि धार फुटत नसेल तर तिच्या तोंडाशी आडवा एक स्क्रू येतो, तो थोडा आत सरकवा. धार त्यावर आपटून फुटते. फवारे एकमेकांच्या जरा जवळ आणा म्हणजे मधली जमीन कोरडी राहणार नाही. त्याने दोन फवाऱ्यांचे कॉक बंद करून दाखवले. उरलेल्या दोघांनी डोकं हलवलं, टक केलं, पुन्हा टक केलं.

यशोदा त्या टकटकीने हुरळली नाही. चारातले दोन बंद करायचे म्हणजे उरलेलं पाणी कोणासाठी ठेवायचं, असं तिने विचारलं. गुरुप्रसादला प्रश्नच कळला नाही. मग तिने दुसरा विचारला: खालचे कसे वाजतात? तो म्हणाला, ते खाली आहेत म्हणून. जितकं खाली उतराल तितका पाण्याला जोर जास्त. ह्यात कोणाची करामत नाही, काकी.

‘कोणाची करामत नाही’ हे त्याने न विचारता का सांगितलं, यावर यशोदा बराच वेळ विचार करत राहिली. जाताना तो ह्युबर्टच्या फाटकाशी थांबून दोन शब्द बोलला, हेही तिने बघितलं, आणि बंद केलेले दोन्ही कॉक पुन्हा उघडले.

जाता जाता त्याने आणखी एक विचारलं होतं: वर मुखाशी जाळी आहे का, आणि ती साफ कोण करतं? तिने सांगितलं की तिथे कोणाचा हात पोचत नाही, कुलूप आहे. तिने ते अभिमानाने सांगितलं. पण गुरुप्रसाद गेल्यावर त्याचा प्रश्न तिच्याबरोबर राहिला. मुखाबद्दल ह्याला का विचारावंसं वाटलं? ह्युबर्टने तर काही सांगितलं नसेल? दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हं वर असतानाच, ती चावी आणि कोयती घेऊन डोंगर चढली.

कुंडीपाशी पोचायच्या आधीच तिला ओल लागली. पायाखालचा पाला भिजलेला होता. कुंडी काठोकाठ भरून मागच्या बाजूने सांडत होती आणि सांडलेलं पाणी बाजूच्या घळीत उतरून दगडांखाली नाहीसं होत होतं. तिथे नेचे उगवले होते, हिरवेगार, फाल्गुनात. झर आटली नव्हती, जराही नाही.

तिने कुलूप काढलं, झाकण बाजूला केलं आणि बाही वर करून हात खांद्यापर्यंत आत घातला. बोटांना गाठ लागली. डावीकडून दोन फेरे, शेपूट आत. तिचीच, जशी बांधली तशी.

तिला पहिल्यांदा वाईट वाटलं ते ह्याचं, की गाठ शाबूत होती.

मग बोटं गाठीच्या पुढे गेली. लुगड्याचा तुकडा मुखात ओढला जाऊन खोल बसला होता आणि त्यावर बोटभर जाडीचा मऊ, बुळबुळीत थर. तिने हात बाहेर काढला. जांभ्यातून येणाऱ्या पाण्याची ती तांबडी साय होती. घागरीच्या बुडाला, रांजणाच्या काठाला बसते तीच, तिने जन्मभर घासून काढलेली. रोज घागर घासणाऱ्या बाईला मुखाला फडकं बांधताना ती आठवली नव्हती. तिच्या हातावर ती रक्त लागल्यासारखी दिसत होती.

गाठ फुगून दगड झाली होती. दुसऱ्या कोणालाच काय, तिला स्वतःलाही सुटेना. शेवटी कोयतीचं टोक घालून तिने ती कापली. मुखाने एक मोठा घोट घेतला. पाईप आतल्या आत गुरगुरला, वारा ओकत खाली गेला. ती ओला हात तसाच धरून उभी राहिली. थोड्या वेळाने, खूप खालून, झाडांच्या पलीकडून, तिच्या भुईमुगातून आवाज आला. टक. टक. टकटकटक.

तिने आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. तरी तिने ते फडकं घळीत नेलं, दगडाखाली दाबलं, दगडावर पाला ओढला आणि कुंडीला पुन्हा कुलूप लावलं. उतरताना मात्र ती लवूचे शब्द पुटपुटत होती. पाण्याच्या आड जो कोण इलो आसात. देवचाराला नाव सांगितलं नव्हतं. आता ते यशोदेचंच आहे, हे त्याला आपणहून कळायला वेळ लागणार नव्हता.

सकाळी ती लवूकडे गेली. त्याला तिने सगळं नाही सांगितलं. गाऱ्हाणं मागे घ्यायचंय, एवढंच. लवूने विडी विझवली. मग म्हणाला, घातलेलं गाऱ्हाणं नारळाने फिरत नाही.

“जेच्यार तू मनात धरलंस, तेच्या दारात जावन सांग. तेच्यासमोर तोंडान सांगूक होया. मगे माझ्याकडे ये.”

“मी खंय कोणाचा नाव घेतलंय?”

“म्हणान तर सांगतंय,” लवू म्हणाला.

पिंटोंच्या ओसरीवर ती चढली तेव्हा ह्युबर्ट खुर्चीत होता आणि त्याचा डावा पाय स्टुलावर, घोट्यापासून पोटरीपर्यंत फडक्यात गुंडाळलेला. पिएदाद कोकम तेल गरम करत होती. यशोदेला बघून ती उठली, तिने खुर्ची पुसली आणि कॉफी टाकली. इतक्या दिवसांत भिंतीपाशी न आलेल्या बाईने काही झालंच नाही अशी कॉफी टाकावी, याचा यशोदेला धक्का बसला. ही गोड का वागते आहे? तिने वाक्य जुळवून आणलं होतं. फडकं मियाच बांधलेलंय. एवढंच म्हणायचं होतं. बाकीचं त्यामागून आलं असतं.

तिने पायाकडे बोट केलं.

“पडलो,” पिएदाद म्हणाली. “मिरचेक घागरीन पाणी घाली होतो. मेरेवरसून पाय सटाकलो.”

“घागरीन? फवारे आसत मां?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पिएदाद कॉफीचा कप तिच्या हातात देऊन समोर बसली, आणि यशोदेला बोलायला जागा न ठेवता बोलू लागली. गाऱ्हाण्याचं त्यांना तुळसाकडून कळलं होतं. कळल्या दिवसापासून ह्युबर्ट फवारे अर्धेच सोडत होता, बाकीचं घागरीने. आधी तो हसला होता, म्हणाला होता, देवचाराक इंजिन कळता काय? मग परवा पडला. पडला तो घुमटीकडे तोंड करून. त्या संध्याकाळी पिएदादने कॉक पुरता बंद केला आणि त्याचा दांडाच काढून घरात आणला.

“आणि काल दुपारी,” ती म्हणाली, “आमी हंयच बसललंव. तुझे फवारे वाजूक लागले. चारय. किती दिसांनी. ह्येंणी माझ्याकडे बघितल्यानी.”

ह्युबर्ट हसला नाही. तो पायाकडे बघत होता.

“माका वाटला नव्हता गो,” तो म्हणाला. “शिवाची शपथ, माका वाटला नव्हता. खाली आसंव म्हणान आमका जास्ती येता, ता त्या दुकानवाल्यानपण सांगल्यान. पण इतक्या? आमीच तुझा सगळा पाणी व्हरी होतंव, आणि वर तुका सीआयडी म्हणा होतंय.”

यशोदेच्या हातात कप होता. कॉफीवर साय धरत होती. तिला वाटलं हा सापळा आहे. त्यांना फडक्याचं कळलंय आणि ही दोघं तिच्या तोंडून काढून घेतायत. तिने ह्युबर्टच्या चेहऱ्यावर ते शोधलं, पिएदादच्या चेहऱ्यावर शोधलं. जन्मभर माणसांच्या चेहऱ्यांत जे शोधत आली होती ते इथे कुठेच नव्हतं. तिथे लाज होती. तिची, त्यांच्या तोंडावर.

“पाइपाचो वाटो तुझो तू ठेव,” पिएदाद म्हणाली. “आमी पावसापर्यंत घागरीन करतलंव. मगे बावडी मारूक बघतलंव. पण ता गाऱ्हाणा तेवढा फिरय गो. ह्येंचो पाय बघ.” आणि तिने फडताळावरून कॉकाचा तो लोखंडी दांडा आणून यशोदेच्या मांडीवर ठेवला. “हो तुझ्याकडे आसांदे. आमका नको.”

वाक्य अजून तसंच जुळवलेलं होतं. तिने तोंड उघडलं. फडकं, एवढा पहिला शब्द होता. तो जिभेवर आला आणि तिथेच राहिला, मुखात ओढल्या गेलेल्या चिंधीसारखा. मागे सगळं साचलेलं, आणि पुढे काही जाईना.

तिने कप खाली ठेवला. दांडा मुठीत घेतला आणि उठली. ओसरीच्या पायऱ्या उतरून ती आपल्या घराकडे न वळता मागच्या बाजूला निघाली, जिथे गडग्याखालून पाईप पिंटोंच्या मळ्यात शिरतो आणि त्यांचा कॉक आहे.

मागे ह्युबर्ट पिएदादला हळूच म्हणत होता, आणि ते तिला ऐकू येत होतं: “बघूक गेली. बंद आसा काय नाय ता.”

यशोदा चालत राहिली, कॉक उघडायला.